शिमग्याआधी घेतलेली सभा

गुरुजी, तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली आणि मला आज तुमच्याशी भांडायचं आहे. खरं तर भांडायचंय दुसऱ्यांशी, पण त्यांच्यासमोर माझ्या तोंडून "हो साहेब" याखेरीज काही निघत नाही, म्हणून तुम्हालाच समोर बसवून घेतलंय. मी ग्रामसेविका झाले हे तुम्हाला कळलंच नाही. खोडाळ्याहून तासभर आत एक गाव आणि त्याचे चार पाडे माझ्याकडे आहेत. गेल्या वर्षी वरून पत्र आलं, की पंचायतीच्या आराखड्यात पोराटोरांसाठी, म्हणजे तेरा ते अठरा वयाच्या मुलामुलींसाठी काय करायचं, ते त्यांनाच विचारून ठरवा. पत्र वाचलं आणि वाटलं, चला, आमच्या गुरुजींचं डोकं कुणाच्या तरी डोक्यात आलं.

तुम्ही शाळेला हातपंप मिळवून दिला होता, तो कुठे बसवायचा हे आम्हाला विचारलं होतं. मी सहावीत, वर्गाची मॉनिटर. वही माझ्या हातात देऊन म्हणालात, तिन्ही पाड्यांवर जा, ज्याने त्याने आपल्या हाताने लिहायचं. मी आमचा पाडा केला, मधला केला, आणि लांबच्या पाड्याची डोंगरी चढायचा कंटाळा आला म्हणून उंबराखाली बसून त्यांची सगळी उत्तरं मीच लिहून टाकली. तुम्ही वही उघडलीत, दोन पानं उलटलीत, आणि माझं अक्षर माझ्यापुढे धरलंत. मारलं नाहीत. एवढंच म्हणालात, "यांची तोंडं तुला कुणी दिली?" रविवारी मला घेऊन तुम्ही स्वतः ती डोंगरी चढलात. तिथली एक मुलगी म्हणाली, पंप रस्त्याकडेला नको, तिथं ट्रकवाले थांबतात, आम्ही पाय तरी कसे धुवायचे? हे तोवर कुणाच्या मनातही आलं नव्हतं. पंप शाळेमागे बसला आणि आजही चालू आहे. पुढच्या आठवड्यात तुम्ही जव्हारच्या बाजारातून माझ्यासाठी चपला आणल्यात, एक माप मोठ्या. तुला पुष्कळ फिरायला लागणार आहे, म्हणालात. मी अनवाणी चढले होते ते तुम्ही वाटेत बोलला नव्हतात, पण पाहिलं होतंत.

तर मी फिरले हो. नवरात्रात, भात कापणीला यायच्या सुमाराला, चारही पाड्यांवरची वीस-बावीस पोरं समाजमंदिराच्या ओट्यावर जमवली. समाजमंदिराला बांधल्यापासून कुलूप, आत सिमेंटच्या गोण्या आणि मांडवाचे बांबू. पहिल्यांदा पोरं मला बरं वाटेल असंच बोलली. क्रिकेटचं सामान द्या, स्पीकर द्या. मग दहावीतली एक मुलगी होती, कोपऱ्यात पाय दुमडून बसलेली, ती म्हणाली, "म्याडम, आमाला फक्त हे कुलूप काढून द्या. बाकी आमी बघू." कसं बघणार, म्हटलं. तर त्यांचं सगळं ठरलेलं! दिवाळी झाली की गाव वीटभट्टीवर जातं, शिमग्याला परत येतं, आणि दहावीची परीक्षा येते नेमकी त्याच्या आतबाहेर. ज्यांचं कुणी मागे राहत नाही ती पोरं आईबापाबरोबर ट्रकात चढतात, शाळा सुटते. तर म्हणे आतल्या खोलीत मुली झोपतील, बाहेर मुलगे. प्रत्येक घराने जाण्याआधी आपल्या कणगीतलं भात आणि नागली काढून ठेवायची. तिची आजी भट्टीवर जाण्याच्या वयाची राहिलेली नाही, ती चुलीपाशी बसेल. पाणी आणायच्या पाळ्यासुद्धा लावलेल्या. सोळा वर्षांची पोर, आणि आमच्या आख्ख्या कार्यालयात इतका नीट आराखडा कुणी केलेला मी बघितला नाही. मी एकेक ओळ लिहून त्यांना वाचून दाखवली.

तो कागद घेऊन मी तालुक्याला, पंचायत समितीच्या साहेबांपुढे गेले. साहेबांनी तो उलटा करून मागे काही आहे का ते बघितलं. मग म्हणाले, मुलींना असं ठेवायचं म्हणजे उद्या काही झालं तर कुणाच्या गळ्यात? चूल पेटवणं कुठल्या योजनेत बसतं? त्यापेक्षा ओपन जिम घ्या, साहित्य तयार आहे, फोटोही छान येतो. बरोबर आलेल्या सरपंचबाई माझ्याकडे बघत राहिल्या, मी फाइलकडे. दिवाळी झाली, ट्रक आले, ती मुलगी पुस्तकं गोधडीत गुंडाळून गेली. आणि आराखड्यासाठी रजिस्टरवर घ्यावी लागते ती मुलांची सभा, गुरुजी, कधी ठेवावी? ऐन पौषात! मुदत संपत होती ना. गावात म्हातारी माणसं आणि कोंबड्या. दुकानदाराची दोन मुलं तेवढी आली. या डोंगरात जन्माला आलेलं शेंबडं पोरही सांगेल, की इथे कुणाला काही विचारायचं तर शिमगा होऊ द्यावा लागतो. पण विचारायचंच कुणाला होतं?

आता समाजमंदिराच्या शेजारी निळीपिवळी यंत्रं उभी आहेत. बाया त्यांच्यावर गोधड्या वाळत घालतात, ते एक बरं आहे. चार महिने डोक्यावरून विटा वाहून आलेल्या पोरांना आम्ही व्यायाम दिला! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होतो. फोटो मात्र खरंच छान आला.

होळीच्या दुसऱ्या दिवशी ती मुलगी कार्यालयात आली. परीक्षा बुडाली होती, हाताच्या बोटांना मातीने चिरा पडलेल्या. आम्ही सांगितलं ते कुठं लिहिलंय, दाखवा, म्हणाली. मी सभेचं रजिस्टर पुढे केलं. ती उभ्यानेच वाचत होती, ओळीवर बोट ठेवून. मुलामुलींच्या मागणीनुसार व्यायामाचं साहित्य, एकमताने मंजूर. मग बोट खाली हजेरीवर गेलं आणि तिच्या स्वतःच्या नावापाशी थांबलं.

"मी तं तवा भट्टीवर होते," ती म्हणाली. "ही सही कोणी केली?"

मी म्हणाले, वर ऑफिसात कुणीतरी केली असेल. तिने रजिस्टर मिटलं, सरळ करून टेबलावर ठेवलं. यंदा तरी कुलूप काढाल ना, मी परत दहावीला बसणार आहे, एवढं विचारून गेली. त्या कुलपाची किल्ली माझ्याच ड्रॉवरमध्ये आहे, हे तिला माहीत आहे की नाही कोण जाणे.

हे पत्र कुठे टाकणार मी? घडी करून त्याच ड्रॉवरमध्ये ठेवीन, किल्लीखाली. साहेबांच्या नावाने एवढा वेळ बोटं मोडली, ते सगळं खरं आहे, त्यातला एक शब्द मागे घेत नाही. पण गुरुजी, ती सही मी केली. तिची, आणि त्या दिवशी गावात नसलेल्या आणखी अठरा जणांची. तुम्ही मला अक्षरावरून पकडलं होतंत, ते माझ्या चांगलं लक्षात होतं. म्हणून दर दोन-तीन नावांनंतर मी पेन बदलत होते.