मंगरूच्या हातावरची काई

१२ जुलै १९७७
करडीच्या धानकऱ्यांनो, तलाव काठोकाठ भरला आहे आणि तुमच्या धानाच्या बांध्या कोरड्या पडून भेगाळल्या आहेत!
उद्याच्या सभेची सुरुवात हीच. गावाने भाषणाला बोलावलं म्हणून तुमसरहून एसटीने आलो, निर्मलाबाईंच्या ओसरीवरच्या खोलीत उतरलो, पोटभर जेवलो. तलावाच्या पाळीवरच्या, म्हणजे बांधावरच्या, जांभळीच्या मुळांनी पाणी सोडायची मोरी बुजवली आहे. झाड पडलं की पाणी सुटेल, अडलेले धानाचे रोवणे होतील. पण बुंध्यावर दाट हिरवी काई आहे आणि लोखंड लावणाऱ्याच्या अंगाला ती धरते म्हणे. मी हसलो. ओलीवर उगवणारं साधं शेवाळ ते! ही भीती मी उद्या भाषणाने उपटून टाकणार आहे. निर्मलाबाई म्हणाल्या, "तोंडानं झाड पडत असतं, भाऊ, तं आमी बायाच पुरलो असतो."

१३ जुलै
सभा जिंकली. मग लोकांनी कुऱ्हाड माझ्यापुढे केली, पहिला घाव तुमचा म्हणाले. जवळून पाहिलं तर काईवर बोटं उमटली होती, आतून दाबल्यासारखी. माझा हात उठेना. मी म्हणालो, हा मान गावच्या माणसाचा. लोकांना ते फार आवडलं. निर्मलाबाईंचा गडी मंगरू पुढे झाला. त्याने घाव घातला, साल उडाली, दांडा मात्र तुटला. काम राहिलं.
मी भ्यालो होतो. हे फक्त इथे लिहितो.

१५ जुलै
मंगरूच्या तळहातावर हिरवा थर आला आहे. त्याची बायको चंद्रभागाबाई राखेने घासून दमली. मी साबण लावायला सांगितलं. तुम्ही म्हणता तर जाईल, म्हणाला. तो हात हातात घेऊन दाखवायला हवा होता. घेतला नाही.

१८ जुलै
काई खांद्यापर्यंत. भंडाऱ्याच्या दवाखान्यात न्यायला गाडी जुंपली, तर मंगरू उतरून पाळीवर गेला. अर्धं काम सोडलं तर भाऊंचं नाव जाईल, म्हणाला.
माझं नाव.

१९ जुलै
मंगरू झाडाला पाठ लावून उभा आहे. पाठ सुटत नाही. लोकांनी ओढलं, तशी कातडी सालीसकट — थांबवलं. त्याला धीर द्या, बोला, असं मला म्हणाले. बोललो. इतकं सुंदर कधीच —

२० जुलै
चंद्रभागाबाई दारात आली. रडत नव्हती. म्हणाली, जुनी माणसं सांगतात, सांगणाऱ्याने स्वतः घाव घातला तर काई ऐकणाऱ्याला सोडते. "चाला भाऊ. काहून बसून राहिले?"
उद्या येतो म्हणालो.
चूळ भरली. पाणी हिरवं.

२१ जुलै
गेलो नाही. जीभ जड — शब्द फुटत नाही. हे पान दाराखालून सरकवतो, निर्मलाबाई तुम्हाला वाचून दाखवतील. गावकऱ्यांनो, मान वगैरे खोटं होतं. मी भित्रा. मंगरूचे डोळे अजून उघडे आहेत, माणसं ओळखतात. माझं काही ऐकू नका. मी दाराला आतून कडी घातली आहे — दार फोडा, मला पाळीवर न्या, कुऱ्हाड माझ्या हाताला बांधा आणि मी कितीही मागे सरलो तरी —