खुर्चीखालचं वर्तमानपत्र

प्रिय आत्या,

आपल्या जादूच्या खेळात खुर्चीवरची बाई गायब झाली की लोक म्हणायचे, खाली रंगमंचाला दार असणार. म्हणून दार नाही असं भासवायला आजोबा खुर्चीखाली वर्तमानपत्र अंथरू लागले. त्याला दारापुरती चीर असायची, हे फक्त आपल्या घराला ठाऊक.

त्या दिवशी चुरगळलेला कागद मला बघवेना. मी नवाकोरा अंथरला आणि चीर द्यायची विसरले. बाबांनी माझ्यावरची चादर ओढली तर मी खुर्चीवर तिथेच! आधीच त्यांनी बजावलं होतं, "पुन्हा चुकलीस तर घरी बसशील."

खाली दार उघडायला तू असायचीस; पडदा पडताच तू तिथून ओरडलीस, "दादा, दार माझ्याकडून अडकलं!"

घरी तू बसलीस, मी खुर्चीवर राहिले. तुला आलेली पत्रं आता बाबाच तुला वाचून दाखवतात, म्हणून हे पेटीत टाकत नाही. तुझं खोटं मला जपायचंय.

तुझ्या उपकारात राहू इच्छिणारी,
तुझी भाची