धरा आणि सोडा

६ मार्च

प्रिय वहिनी,

नमस्कार. मी मजेत आहे, इतकी की शेजारीण परवा विचारत होती, 'काय गं, लॉटरी लागली का?' लॉटरी नाही, शिकवणी लागली आहे.

दादाला सांग, त्याचं पत्र पोचलं. खोलीचे फोटोही पोचले. भिंतींचा निळा रंग छान आहे. त्याबद्दल नंतर लिहिते.

आधी शिकवणीचं. इथल्या वाचनालयाच्या माडीवर संध्याकाळी तर्कशास्त्राचा वर्ग भरतो. मी गेले होते पुस्तक बदलायला. वरून हसण्याचा आवाज आला म्हणून डोकावले, ती तिथेच अडकले. शिकवणारी तुझ्या लेकीच्या वयाची आहे, आम्ही तिला मास्तरीणबाई म्हणतो. माझ्या बाकावर एक निवृत्त वकील असतात. सिद्धता म्हटलं की त्यांना साक्षीदार आठवतो. बाई म्हणते, 'साहेब, इथे उलटतपासणी नाही. जे दिलंय त्यावरून नियमाने एकेक पाऊल टाकायचं, बस.'

आणि नियम तरी कसले! 'क आणि ख' हातात असेल तर त्यातून नुसता क काढून घ्यायला परवानगी आहे. एवढ्यासाठी नियम लागतो म्हणून पहिल्या दिवशी मी पोट धरून हसले. मग 'जर-तर' आलं आणि हसू पळालं. आपण म्हणतो ना, जर-तरच्या गोष्टींना काय अर्थ? इथे सगळा अर्थ त्यातच. 'जर क तर ग' सिद्ध करायचं असेल, तर क कुणी दिलेला नसला तरी गृहीत धरायचा, भोवती चौकट आखायची आणि आत हवी तेवढी खटपट करायची. ग मिळाला की चौकट बंद करायची आणि धरलेला क सोडून द्यायचा. बाहेर उरतं ते फक्त 'जर क तर ग'.

जन्मभर एक्स-रेच्या खोलीत मी दुसरं काय केलं, सांग? 'श्वास धरा... आता सोडा.' मला वाटलं, हे तर आपलंच खातं!

आणि तिथेच आपटले. परवा बाईने मला फळ्यापाशी बोलावलं. क वरून ख, ख वरून ग, झरझर लिहीत गेले, ग खाली ठसठशीत रेघ ओढली आणि ऐटीत वळले.

'हा ग कुणाच्या जिवावर उभा आहे?' बाईने विचारलं.

'क च्या.'

'आणि क कुणी दिला?'

'मीच धरला की.'

'मग सोडलात कुठे? काकू, तुम्ही त्याला गृहीतच धरून बसलात!'

सगळा वर्ग हसला. वकीलसाहेब तर बाक बडवत होते. मीही हसले, आणि हसता हसता एकदम मला दादाचं पत्र आठवलं.

त्याने माझं मांडलेलं गणित असं: भिंगरी कायमची आपल्याकडे येणार, म्हणजे खोली हवी. खोली हवी, म्हणजे रंग हवा. रंग झाला, म्हणजे तिने महिनाअखेर सामान बांधावं. पावलागणिक बरोबर आहे गं, एक चूक काढता येत नाही. फक्त 'भिंगरी येणार' ही सगळ्यात वरची ओळ कुणी दिली? मी तर दिली नव्हती. त्याने प्रेमाने धरली आणि सोडायची राहून गेली.

वहिनी, मला यायचं नाहीये.

लिहिलं एकदाचं. एवढं पाल्हाळ त्यासाठीच लावलं होतं. रागाने लिहीत नाही. तुम्हां दोघांवर जीव आहे, म्हणून तर हात धजत नव्हता. पण माझं मन या माझ्या दोन खोल्यांत रमलंय, आणि त्या माडीवर तर फारच. आता आम्ही 'नाही'च्या नियमावर आलोय. एखादी गोष्ट खरी मानून बघायची, तिच्यातून विसंगती निघाली की ती नाकारायची. मी रोज सकाळी आरशापुढे 'मी जाणार' असं मानून बघते आणि रोज माझं तोंड उतरतं. ही सिद्धता बाई मान्य करणार नाही. तू कर.

दादाला हे मोठ्याने वाचून दाखव. रुसला तर रुसू दे. रुसवा काढायला मी येईन, चार दिवस, पाहुणी म्हणून.

तुमची होते, आहे आणि इथूनच राहीन अशी,
भिंगरी


१५ मार्च

भिंगरे,

वाचून दाखवलं. ह्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, 'पण ती येणार हे ठरलंच होतं!' मी विचारलं, 'कुणी ठरवलं?' तर उठलेच. संध्याकाळभर गॅलरीत जाऊन बसले होते. मी हाक मारली नाही.

जेवताना आपणहून म्हणाले, 'तिला विचारायला हवं होतं.' अगं, हे वाक्य इतक्या वर्षांच्या संसारात मी पहिल्यांदा ऐकलं! तेवढ्यात माझ्याकडे बघून म्हणतात, 'आणि तुला? तुला काय हवंय?'

मला उत्तरच येईना. कुणी कधी विचारेल असं वाटलंच नव्हतं, मग तयार कुठून असणार? परवापासून विचार करतेय. काम करताना मध्येच थांबते आणि एकटीच हसते. अजून काही ठरत नाहीये, पण काय मजा येतेय म्हणून सांगू!

तुझी, आयुष्यात पहिल्यांदाच विचारलेली,
वहिनी