द्राक्षांच्या रानात खारं पाणी

३ ऑक्टोबर
मळ्यात दोन्ही टाक्या हिरव्यागार. टाक्या आपलं म्हणायचं. गुडघाभर खड्डे, त्यात शेततळ्याचा उरलेला प्लॅस्टिकचा कागद, खडेमिठाचं पाणी, आणि राजेशने अंबडच्या वर्कशॉपमधून करून आणलेला पाणी ढवळायचा पंखा. लग्नात याच नवऱ्याने अंगावर जे जे घातलं त्या सगळ्यापेक्षा हा पंखा मला जास्त आवडतो. त्याला सांगायचं नाही.

मायक्रोस्कोपखाली पेशी झकास पोहताहेत. समुद्राची पोर निफाडला नांदायला आली आणि रुळलीसुद्धा. आता हळूहळू मीठ वाढवायचं, खत बंद, ऊन भरपूर. उपाशी राहिली आणि ऊन लागलं की जीव वाचवायला अंगात केशरी रंग साठवते. तोच रंग हवाय. कॅप्सूलमध्ये जातो, अँटिऑक्सिडंट म्हणून.

आण्णा बांधावरून, "काय मीनल, तुझं शेवाळ काय म्हनतं?"
नेहमीसारखी चिडले. "शेवाळ नाही हो आण्णा, औषध आहे ते." सासरे आहेत, नाहीतर.

७ ऑक्टोबर
कॅप्सूलच्या कंपनीतल्या मॅडमचा फोन. नोव्हेंबरअखेर भुकटीचा नमुना हवा. पास झाला तर पुढे माल नियमित घेणार.

नाही झाला तर काय, ते घरात ठरलेलंच आहे. हा तुकडा आण्णांनी एका हंगामापुरता दिलाय. कागद गुंडाळायचा, खड्डे बुजवायचे, द्राक्षाची रोपं लावायची. नर्सरीवाल्याला सांगूनही ठेवलंय. मला न विचारता, अर्थात. रान त्यांचं. रानात मीठ ओतणारी सून पंचक्रोशीत एकच, हेही त्यांचंच वाक्य, दर पाहुण्याला ऐकवतात. नोकरी सोडून मी हेच ऐकायला आले असं कधी कधी वाटतं.

१२ ऑक्टोबर
छाटण्या उरकल्या. सगळीकडे ट्रॅक्टरमागच्या फवारणीच्या ब्लोअरची घरघर, हवेला औषधांचा वास. आमच्या बाजूला वारा असताना फवारू नका म्हटलं. आण्णा हो म्हणाले, पाळलंही.

दुपारी नाशिकच्या बसमधून उतरून येते तर आण्णा माझी चाळणी घेऊन पाण्यातली पानं काढताहेत. मला बघितल्याबरोबर चाळणी खाली. "वाऱ्यानं पडली व्हती, म्हनून." मला हसू आवरेना.

१८ ऑक्टोबर
टाकी २ च्या कडेला केशरी झाक!! राजेशला फोटो पाठवला. त्याचं उत्तर, "गंजलंय का काहीतरी?" इंजिनिअर.

आण्णा शेजारच्या मळेकऱ्याला हात धरून घेऊन आले. "बघ. शेवाळ नाय म्हनायचं. सुनेचं औषध हाय, लय नाजूक." तो म्हणाला, आमसुलाचं सार दिसतंय. आण्णांना राग आला. मला आला नाही, खूप बरं वाटलं.

२० ऑक्टोबर
ताप. घरीच, नाशिकला. आण्णांना फोन केला, पाणी आटलं असेल तर विहिरीचं गोडं पाणी घाला, खुणेपर्यंत. "तू झोप, मी बघतो." खिडकीतल्या बियाण्याच्या, म्हणजे राखून ठेवलेल्या पेशींच्या, बाटल्या तेवढ्या हलवल्या आणि पडले.

२२ ऑक्टोबर
गेलं सगळं.

पंखा फिरतोय, पाणी मात्र ताकासारखं. कडेला फेस. मायक्रोस्कोपखाली एकही पेशी पोहत नाही. फुटलेल्या, किंवा नुसत्या पडलेल्या. दोन्ही टाक्या. आधी वाटलं मीठ चुकलं, मग ऊन, मग माझंच

आण्णा आले ते खुशीत. "लाईटच नव्हती दोन दिस. मोटार कशी चालायची? मंग ट्रॅक्टर काढला, ब्लोअरच्या टाकीत विहिरीचं पानी भरलं, अन् आनून सोडलं. लय खेपा झाल्या. टाकी तीनदा धुतली बरं का आधी."

ब्लोअर बघून आले. गाळणीत निळी साय, पाइपातही. मोरचूद. म्हणजे तांबं. बोर्डोचं, मोरचूद-चुन्याचं, फवारून आठवडा झाला नसेल. बाहेरून टाकी लख्ख, यांनी धुतलीच असणार.

विचारलं आण्णांनी, "रंग का असा?" म्हटलं, बघते.

२३ ऑक्टोबर
रात्रभर एकच. दर उन्हाळ्यात शेततळ्यात शेवाळ आलं की आण्णाच फडक्यात मोरचूद बांधून पाण्यात सोडतात. मोरचुदाने शेवाळ मरतं हे त्यांना मी काय सांगणार? पण हे शेवाळ नाही म्हणून त्यांचं डोकं कोणी खाल्लं? मी. शेवाळाच्याच जातीचं आहे, एवढं कबूल करायला माझं काय जात होतं? मोठी शास्त्रज्ञ लागून गेले.

त्यांना सांगायचं नाही. राजेशलाही सांगितलं, बोलू नकोस. तो म्हणाला, मग पुढच्या खेपेला परत तेच होईल. खरं आहे. तरी नाही. लाईट नसताना माझ्यासाठी ट्रॅक्टर काढला त्या माणसाने.

२५ ऑक्टोबर
मळ्यात पंपाच्या खोलीमागे उभी राहून मॅडमना फोन. सांगितलं, पाण्यात तांबं गेलं, दोन्ही टाक्या मेल्या, चूक माझी. त्यांनी विचारलं, तांबं आलं कुठून? म्हटलं, फवारणीच्या टाकीतून पाणी भरलं, मीच भरलं. त्या म्हणाल्या, जानेवारीत बघू, पण तोवर दुसरं कुणी मिळालं तर शब्द देता येणार नाही. बरोबरच आहे त्यांचं.

वळले तर आण्णा. हातात पान्हा. किती वेळचे उभे होते कोण जाणे. तसेच बागेत गेले. मला रडू आलं, आणि त्याचाही राग आला.

२७ ऑक्टोबर
आण्णा बोलत नाहीत. माझ्याशीच नाही, कुणाशीच. आई म्हणाल्या, "भाकरी मोडून बसत्यात नुसते. काय झालं गं?" मी म्हटलं, उन्हाचं असेल. घरात खोटं बोलायचा माझा हात आता चांगला बसलाय.

टाक्या उपसल्या. कागद चोळचोळून धुतला. पाणी बॅरलमध्ये भरून ठेवलंय, बागेच्या मातीत जाता कामा नये.

३० ऑक्टोबर
पंपाच्या खोलीशी नवा कोरा निळा ड्रम. त्यावर ऑइलपेंटने, आण्णांच्या तिरक्या अक्षरात: "मीनलच्या शेवाळाचे पाणी. फवारणीला घेऊ नये."

शेवाळाचे. या वेळी चिडले नाही.

संध्याकाळी बससाठी निघताना म्हटलं, "आण्णा, ड्रम चांगला आहे." ते म्हणाले, "झाकन घट्ट हाय." एवढंच.

२ नोव्हेंबर
खिडकीतल्या बाटल्या मांडीवर घेऊन बसने आले. कंडक्टर म्हणाला, "ताई, काढा का?" सगळं बियाणं मिळून घमेलंभर. टाकी भरायला त्याचं त्यालाच वाढू द्यायला हवं, घाई करून भागत नाही. जानेवारी गाठेल का, माहीत नाही. मॅडम थांबतील का, तेही नाही.

आण्णा ड्रममधून पाणी काढून देत होते, मी मीठ मोजत होते, तेवढ्यात नर्सरीवाला आला. "आण्णा, रोपांचं काय? तुमची धरू का दुसऱ्याला देऊ? आजच सांगा."

मी मीठ पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं.

आण्णा म्हणाले, "मला काय इचारतो? या तुकड्याचं तिला इचार." आणि बादली घेऊन विहिरीकडे निघून गेले.

नर्सरीवाला माझ्याकडे बघत उभा. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, या घरात रानाबद्दल मला पहिल्यांदा कुणी विचारत होतं. आणि माझ्याकडे होतं काय, तर घमेलंभर हिरवं पाणी. दुसऱ्याला द्या म्हणावं तर कशाच्या जोरावर, धरा म्हणावं तर

म्हटलं, बसा, चहा टाकते आधी.