रघूची तनी

२ मार्च १९६६
अण्णा शेवटी हो म्हणाले. "एकदा ऐकतों. मग बोलूं." रघूचा घास हातातच राहिला; वैनींनी वाढलेले सांबार पानाबाहेर गेले. मुलाच्या ड्रमबद्दल माझ्या भावाच्या तोंडून निघालेला हा पहिला बरा शब्द.

शनिवारी रघूचा बँड इथे, क्लबच्या हॉलात. सोमवारी त्याने तिरुच्चीच्या सरकारी ऑफिसात रुजू व्हायचे. आणि बँडला बेंगळूरच्या एका हॉटेलात काम मिळाले आहे, तेही सोमवारपासूनच. रघू एकच.

३ मार्च
माडीवर सराव. मी खाली पायरीवर शेंगा सोलत ऐकते. हे म्हणे वेस्ट इंडीजकडचे संगीत, क्रिकेटवाल्यांच्या गावचे. स्का. ट्रंपेटवाल्या लेनीच्या मामाने लंडनहून रेकॉर्डी पाठवल्या. (लेनी तिरुच्चीच्या रेल्वे कॉलनीतला, अँग्लो-इंडियन, फार गोड पोरगा, पुरणपोळी दोन हातांनी खातो.) गिटार ठोक्यावर पडतच नाही, दोन ठोक्यांच्या मध्ये पडते. ऐकले की खांदे आपोआप उडतात.

कॉन्व्हेंटात सिस्टर अॅग्नेस सणाच्या दिवशी पियानोवर तिच्या आयर्लंडचे नाच वाजवायची. आम्हांला बजावायची, पाय टेकवून बसा. आणि तिचाच झगा खालून हलत असे. किती वर्षांनी आठवली.

वैनी : "वन्सं, ह्या वयात हे काय?"
म्हटले, हेच वय. आता कोण बघते?

६ मार्च, सकाळ
काल लिहवले नाही. कान अजून गुणगुणताहेत. पाय सुजलेत. फार, फार आनंद, आणि एक सल.

हॉल भरला होता. जरीची अंगवस्त्रे, पानाचे डबे. गाण्याच्या कच्चेरीला येतात तसेच अस्के, झाडून सगळे, आले. ट्रंपेट आणि सॅक्सोफोन एकदम गरजले. पहिल्या गाण्याला मी नुसते हात हलवले, दुसऱ्याला पाय, तिसऱ्याला उभी राहिले. पिकल्या केसांची विधवा बाई, नऊवारीत. मागून कोणी ओरडले, "मामी, बसा! आम्हांला दिसत नाही!" नाही बसले. दिसण्यासारखे मीही काही कमी नव्हते.

मग बाकीचे थांबले आणि रघू एकटा वाजवू लागला. झाले. अर्धा हॉल उठला. तनी लागली की कॉफीला जायचे, ही आमच्या गावची जन्माची खोड. मृदंगवाला एकटा उरला की इकडे खुर्च्या वाजतात. त्यात राग नाही, अपमान नाही, कॉफी आहे. पण लेनीला काय ठाऊक? तो बिचारा छताकडे बघू लागला, आग कोठे लागली म्हणून. रघूला ठाऊक आहे, लहानपणी मृदंग शिकला. तरी चेहरा उतरला.

अण्णांनी जन्मात एकही तनी पुरी ऐकलेली नाही. तेही उठले. पण उभे राहून त्यांनी अंगवस्त्र सावरले आणि समोरून चाललेल्या वकिलांना म्हणाले, "बसा हो खालीं. मुलगा वाजवतोय." वकील बसले. अण्णाही बसले, मांडीवर तळहात ठेवून, शेवटच्या ठोक्यापर्यंत.

रघूने हे पाहिलेच नाही. अण्णा उठले एवढे पाहिले आणि डोळे मिटून घेतले.
"अत्या, अप्पासुद्धा गेले."
"परत बसले रे, राजा. माझ्या शेजारीच."
"तू माझे मन राखायला सांगतेस."

संध्याकाळ
अण्णांना म्हटले, मुलाशी बोला. "काय बोलूं? डावा हात घाई करतो."
"तेवढेच सांगा. म्हणजे ऐकलेत हे तरी कळेल त्याला."
पेपर उघडून बसले. उलटा नव्हता, पण पानही उलटले नाही.

७ मार्च
वैनींनी दहीभात बांधला. सकाळची तिरुच्चीची गाडी. ऑफिसला जायचे तरी तीच, बँडकडे जायचे तरी तीच. रघू पाया पडला. मी विचारले नाही, त्याने सांगितले नाही. घोड्याचा जटका दाराशी आला तशी अण्णा चपला घालून बाहेर. "तिरुच्चीपर्यंत मीही येतों." बापलेक समोरासमोर बसले, एक इकडे बघतो, एक तिकडे. वळणावर अण्णा काही बोलताना दिसले. रघूने मान वर केली. पुढे जटका दिसेना.

दुपार. अण्णा परतले नाहीत.

दिवे लागले. वैनी : "ऑफिसात पोचवायला एवढा वेळ?" म्हटले, लागतो. तीनदा दारात जाऊन आले.

आत्ता वैनी कपाट लावता लावता मला हाक मारून गेल्या. अण्णांचा लोकरी मफलर, बेंगळूरच्या थंडीसाठी घेतलेला, जागेवर नाही. मार्चात, तिरुच्चीला, मफलर?