तुतीच्या पिंपातली राकिया

प्रिय रोसांदा,

तुझं पत्र मिळालं. वाचलं, घडी घालून ठेवलं आणि मी बागेत आलुबुखारांच्या फांद्या छाटायला निघून गेले. लगेच उत्तर लिहिलं असतं तर तुला सोसलं नसतं. आता हात दमलेत, म्हणून लिहिते. तू गावात येऊन लग्न करणार, याचा आनंद आहेच. तुझ्या नवऱ्याकडच्या माणसांना आमची मिरच्यांची चटणी झेपेल ना, एवढीच काळजी.

तू विचारतेस, स्लावाच्या दिवशी, घराण्याच्या संताच्या सणाला, ओब्रादकाकाच्या घरी नक्की काय झालं. त्याने फोनवर रडून सांगितलं, ते त्याच्या सोयीचं असणार. माझ्याकडून ऐक.

तू जन्मलीस त्या वर्षी अंगणातली तुती वादळात पडली. तुझ्या बाबांनी तिच्या फळ्या पाडून वाळवल्या आणि त्यांचं पिंप करून घेतलं. तुतीचं लाकूड आलुबुखाराच्या दारूला, राकियाला, लवकर रंग देतं, मधासारखा पिवळा, आणि घशातली धार काढून घेतं. पिंप भरलं तेव्हाच त्यांनी सांगून टाकलं की हे रोसांदाच्या लग्नात उघडायचं. दर वर्षी लाकडातून जेवढी उडून जायची तेवढी नवी ओतायचे, तीही स्वतः काढलेली. भट्टीपाशी ते कसे असायचे, आठवतं? तांब्याच्या हंड्याखाली मंद जाळ, झाकणाच्या सांध्याला लिंपलेली कणीक, आणि पहिली धार सुरू झाली की तळहातावर घेऊन चोळून हुंगायचं. बोचरा वास जाईपर्यंत येईल ती सगळी बाजूला. ती पिण्याची नव्हे, माझ्या गुडघ्यांना चोळायची. ओब्राद शेजारी उभा राहून चिडवायचा, "दादा, अर्धी मजा तर वहिनीच्या गुडघ्यांत घालवलीस!" तो स्वतः पहिली धार कधी टाकायचा नाही. म्हणून त्याच्या घरची प्यायली की दुसऱ्या दिवशी निम्मं गाव डोक्याला ओलं फडकं बांधून बसायचं.

तुझे बाबा गेल्यावर चाळिसाव्या दिवसाचं जेवण झालं आणि काकाने भट्टी आणि पिंप नेलं, असं मी तुला कळवलं होतं. "वहिनी, भट्टी आमच्या बापाची आहे. आता इथे जाळ घालणार कोण? बाईमाणूस?" असं तो म्हणाला होता. मी तेव्हा भांडले नाही याचं तुला नवल वाटलं होतं.

तर संत दिमित्रियेचा दिवस. आपल्या सगळ्या घराण्याचाच स्लावा, पण तुझे बाबा गेल्यापासून सणाची मेणबत्ती ओब्रादकडे लागते. मी गेले. साखर-अक्रोड घातलेले शिजवलेले गहू चमचाभर खाल्ले आणि बसले. ओब्राद पेले भरत होता. "घ्या, घ्या! यंदा हात बसलाय माझा. असली तुम्ही प्यायलेली नसणार." शेजारच्या मिलुन्काआजीने एक घोट घेतला आणि म्हणाली, "ओब्राद, तुझी पिऊन मला अजून दोन दोन माणसं दिसत नाहीत. तब्येत बरी आहे ना तुझी?" सगळे हसले. ओब्रादही हसला, पण कान लाल झाले होते. मी पेला नाकाशी नेला. रोसांदा, मला चाखायचीही गरज नव्हती, ती आपल्या तुतीच्या पिंपातलीच होती.

तो पेला पुढे करून माझ्याकडे आला. मी उभी राहिले. त्याच्या पेल्याला पेला भिडवला नाही. एक थेंब जमिनीवर सांडला आणि तुझ्या बाबांचं नाव घेऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "देव वितोमिरच्या आत्म्याला शांती देवो." आणि प्यायले. मेलेल्या माणसाच्या नावाने पितात तसं.

आणखी काही सांगावं लागलं नाही. मिलुन्काआजीने थेंब सांडला. मग तिच्या मुलाने, मग टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी. कुणाचाही पेला कुणाला भिडला नाही. ओब्राद हात पुढे करून तसाच उभा. "वहिनी, सणाचा दिवस आहे आज!" मी म्हणाले, "म्हणूनच थोरल्याचं नाव घेतलं, भावजी. ज्याची राकिया, त्याचं नाव."

त्या दिवसापासून गावात त्याच्याशी कुणी पेला भिडवत नाही. बारशाला असो, गुत्त्यात असो, त्याने पेला उचलला की लोक थेंब सांडतात आणि तुझ्या बाबांचं नाव घेतात. एकदा त्याने पिंप परत आणून फाटकाशी ठेवलं, निम्मं रिकामं. मी आत घेतलं, त्याला आत बोलावलं नाही. मी एकदा त्याच्याशी पेला भिडवला तर सगळं मिटेल, हे त्याला ठाऊक आहे. म्हणून तो तुझ्याकडे रडला. आणि तू लिहितेस, "आई, सोडून दे ना. बाबांच्या जागी काकाच मला हात धरून घराबाहेर नेतील, तेव्हाच दोघं पेला भिडवा."

आता तुला लपवलेलं सांगते. भट्टी चाळिसाव्यानंतर गेली, पिंप मात्र त्याने आधीच नेलं होतं. तुझे बाबा तेव्हा जिवंत होते. पुढच्या खोलीत खिडकीपाशी पडून होते, बोलता येत होतं, उठता येत नव्हतं. ओब्रादने पिंप अंगणातून गडगडत नेलं. मी मोरीतून धावत आले तोवर गाडी फाटकाबाहेर होती. बाबांनी विचारलं, "स्तामेना, कसला आवाज?" मी म्हणाले, "शेजारी लाकडं रचतायत." भरलेल्या पिंपाचा आवाज त्यांना माझ्याहून चांगला कळायचा. "पोरीच्या लग्नाची होती गं," एवढंच बोलले आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यानंतर ते माझ्याशीही फारसं बोलले नाहीत. मी पेला भिडवणार नाही, हे सांगायला हे पत्र लिहिलं. पुन्हा विचारू नकोस. तुला घराबाहेर मी नेईन. विधवेने पुढे होणं अशुभ म्हणतील, म्हणू देत. माझ्या काळ्या कपड्यांतच तुझा हात धरून फाटकापासून चर्चपर्यंत चालेन. काकाला आमंत्रण जरूर पाठव. त्याने रस्त्याच्या कडेला उभं राहून ते बघायला हवं.

तुझीच,
आई