चर्चच्या बाकांच्या अकरा गिटारी व एक बिनसहीचे पत्र

प्रति,
मा. श्रीमती हेल्का रौतियो,
बांधकाम व पर्यावरण निरीक्षक,
नगरपालिका कार्यालय, हिएताकोस्की.

विषय : जुन्या डेअरीतील गिटार कार्यशाळेचे सील काढण्याबाबत व तक्रारीच्या नोंदीत दुरुस्ती करण्याबाबत.

संदर्भ : १) आपला पंचनामा, दि. २७ फेब्रुवारी.
२) माझे यापूर्वीचे चार अर्ज. (उत्तर एकाचेही नाही. पोच चारही अर्जांची माझ्याजवळ आहे.)

महोदया,

१. मी, इर्मेली कुओस्मानेन, वय ५८, गावातील दरवाज्यांच्या कारखान्यात सव्वीस वर्षे रंगकाम व पॉलिशकाम केले. कारखाना बंद पडल्यावर, तेथेच यंत्रांच्या मोटारी दुरुस्त करणारे श्री. टौनो पिर्होनेन व मी अशा दोघांनी गेल्या सप्टेंबरात जुन्या डेअरीची इमारत आपल्याच नगरपालिकेकडून भाड्याने घेतली आणि तेथे हाताने इलेक्ट्रिक गिटारी बनवण्याची लहानशी कार्यशाळा सुरू केली. लाकूडकाम, घासकाम व रंग माझ्याकडे. तारांचा कंप पकडणारी तांब्याची वेटोळी गुंडाळणे, विजेची जोडणी आणि हत्यारांना शिव्या देणे पिर्होनेन यांच्याकडे.

२. आमची गिटार तीनशे नव्वद युरोला मिळते. आपल्या पंचनाम्यात असे नमूद आहे की, "एवढ्या अल्प किमतीत हस्तनिर्मित वाद्य देणे व्यवहार्य दिसत नाही, सबब लाकडाचे मूळ संशयास्पद वाटते." एखादी वस्तू स्वस्त असणे हे कोणत्या कलमाखाली येते, ते कृपया लेखी कळवावे. महागड्या गिटारी विकणाऱ्या दुकानदाराच्या लाकडाचे मूळ आजवर कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही.

३. मूळ सांगते. गेल्या शरदात आपल्या चर्चने लाकडी बाक काढून त्या जागी गादीच्या खुर्च्या आणल्या. बाक सरपण म्हणून विकायला काढले. शंभर वर्षे वाळलेले पाइनचे लाकूड, एक गाठ नाही, आणि ते चुलीत जाणार! आम्ही ते रीतसर पावती घेऊन उचलले. जुन्या रंगात शिसे आहे की नाही हे प्रयोगशाळेतून तपासून घेतले. नाही. गळ्यासाठी बर्च लाकूड पिर्होनेन यांच्या भावाच्या रानातले आहे. परदेशी लाकूड नाही, नक्षी नाही, जाहिरात नाही, मखमली पेटी नाही. गिटार स्वस्त असण्यात गुपित असेल ते एवढेच.

४. दि. २७ फेब्रुवारी रोजी सकाळी दहा वाजता आपण पिवळी फीत घेऊन आलात. मी विचारले, "काय झालं?" आपण म्हणालात, "तक्रार आलीये." मी विचारले, "कुणाची?" आपण म्हणालात, "नाव सांगता येणार नाही." मी विचारले, "का नाही?" त्यावर आपण म्हणालात, "कारण नावच नाहीये." हे उत्तर मला तेव्हा अत्यंत बनेल वाटले. आपण अकरा गिटारींची तयार झालेली लाकडी धडे लाकडाच्या खोलीत ठेवून दार सील केले. गावातील प्रौढ शिक्षण केंद्राच्या नवशिक्यांच्या वर्गासाठी त्या गिटारी होत्या. एकूण बारा द्यायच्या होत्या. मुदत २० एप्रिल. त्या तारखेस त्या पोचल्या नाहीत तर केंद्र सूचीपत्रातून आयात माल मागवणार आहे, आणि पहिली मागणीच हातची गेली तर पुढे आमची कार्यशाळा राहणार नाही.

५. त्या दिवसापासून मी झोप सोडून सर्व वेळ विचार केला. प्रथम मला आपल्याविषयी संशय आला. आपल्या मेहुण्यांचे शेजारच्या शहरात वाद्यांचे दुकान आहे असे कळते. मी आरोप करीत नाही. फक्त कळते. नंतर चर्चचे देखभालदार श्री. आह्ती रेमेस यांच्याविषयी आला, कारण बाक उचलून नेताना ते दारात हाताची घडी घालून उभे होते आणि एक शब्द बोलले नव्हते. (ते एरवीही बोलत नाहीत, हे मी तेव्हा विचारात घेतले नाही.) टपाल वाटणारी बाई दोन दिवस माझ्याकडे पाहून हसली नाही, तिचेही नाव मी कागदावर लिहिले होते.

६. कागदपत्रे पाहण्याच्या हक्कानुसार तक्रारीची प्रत मागितली असता ती ६ मार्च रोजी मिळाली. त्यात असे होते : "तिसऱ्या रांगेतल्या बाकाखाली सुरीने दोन अक्षरं कोरलेली आहेत. ते लाकूड आता कुणाकडे आहे, त्याचं काय केलं, हे नगरपालिकेने शोधून काढावं. ते असं परस्पर जायला नको होतं." खाली सही नाही.

बाकाखालची ती अक्षरे, ए आणि ल, बाक उलटा करून पट्ट्या सोडवताना आम्हाला दिसली होती. पाहणारे दोघेच होते. मी आणि टौनो पिर्होनेन.

७. येथून पुढे जे लिहिते ते लिहिताना मला आनंद होत नाही, परंतु नोंद पूर्ण असावी. पिर्होनेन हे फेब्रुवारीत दोन वेळा, मला न सांगता, नगरपालिकेच्या इमारतीत गेले होते. हे मला बेकरीत कळले. पत्राची प्रत घेऊन मी त्यांच्यासमोर उभी राहिले. आमचे बोलणे पुढीलप्रमाणे झाले.

मी म्हणाले, "तू दोनदा नगरपालिकेत गेला होतास."

"गेलो होतो."

"कशाला?"

"माझं काम होतं."

"कसलं काम, जे मला सांगता येत नाही?"

त्यांनी पत्र वाचले, उलटसुलट करून पाहिले आणि परत दिले. "हे मी लिहिलंय असं तुला वाटतं?"

"अक्षरं तू आणि मीच पाहिलीत, टौनो. आणि मी तर लिहिलं नाही."

ते म्हणाले, "दरवाज्यांना रंग मारायचीस तेव्हासुद्धा प्रत्येक दारामागे कुणीतरी उभं आहे असंच तुला वाटायचं. सव्वीस वर्षांत एका तरी दारामागे कुणी सापडलं का?"

एवढे बोलून त्यांनी शिवणयंत्राच्या मोटारीपासून स्वतः बनवलेले वेटोळी गुंडाळायचे यंत्र उचलले, पायाने ढकलायच्या घसरगाडीवर दोरीने बांधले आणि बर्फावरून घरी निघून गेले. मी दारातून म्हणाले की, "मग नगरपालिकेत कशाला गेलास ते सांग ना!" त्यांनी मागे पाहिले नाही. पाहिले असते तरी घसरगाडी उतारावर होती.

८. दि. ९ मार्चपासून मी एकटीच कार्यशाळेत जाऊन बसत होते. सील केलेल्या दारासमोर बसून काय करायचे? झाडून काढत होते. झाडूनसुद्धा संपले. तेव्हा श्री. रेमेस यांना जाब विचारावा म्हणून १३ मार्च रोजी चर्चमध्ये गेले आणि पत्र त्यांच्यापुढे धरले. त्यांनी चष्मा लावला आणि पहिली ओळ वाचून होण्याआधीच ते म्हणाले, "हे लेम्पीआजीचं अक्षर."

"कोण लेम्पीआजी?"

"लेम्पी टोइव्होला. दर शुक्रवारी चर्चच्या कॉफीला काय काय आणायचं त्याची यादी तीच लिहिते. हा 'त' बघा, काठी टेकून उभा राहिल्यासारखा. अख्ख्या गावात असा 'त' दुसरा कुणी काढत नाही."

महोदया, मी त्यांना विचारले की, हे तुम्ही आधी का सांगितले नाही. ते म्हणाले, "आधी कुणी विचारलं नाही."

९. श्रीमती लेम्पी टोइव्होला, वय ८६, नदीपलीकडच्या पिवळ्या घरात एकट्या राहतात. त्यांनी मला आत घेतले, कॉफी ओतली, वेलचीचा गोड पाव कापला. तिसऱ्यांदा साखर हवी का असे विचारले तेव्हाही, ही बाई वेळ काढते आहे, असे माझ्या मनात आले हे मान्य करते. मी पत्र टेबलावर ठेवले आणि म्हटले, "ही तक्रार तुमची?"

"तक्रार?" त्या म्हणाल्या. "अगं बाई, मी कशाला तक्रार करू? मी विचारलं होतं फक्त. तो बाक जाळला की काय, एवढंच मला कळायला हवं होतं."

"मग चर्चलाच का नाही विचारलंत? आणि सही का नाही केलीत?"

त्या लाजल्या. शहाऐंशी वर्षांची बाई लाजलेली मी प्रथमच पाहिली. धर्मशिक्षणाच्या वर्गात त्या पंधरा वर्षांच्या होत्या. शेजारी एइनो नावाचा मुलगा बसायचा. पाद्रीबाबांची पाठ वळली की तो बाकाखाली वाकून सुरी चालवायचा आणि लेम्पीबाई पहारा द्यायच्या. ही गोष्ट एकाहत्तर वर्षांपूर्वीची. पुढे दोघांचे लग्न झाले. एइनो जाऊन नऊ वर्षे झाली. तेव्हापासून त्या दर रविवारी तिसऱ्या रांगेत बसायच्या आणि प्रार्थना चालू असताना हात बाकाखाली घालून ती अक्षरे चाचपायच्या. शरदात एका रविवारी गेल्या तर तेथे खुर्च्या.

"चर्चला कशी विचारणार?" त्या म्हणाल्या. "देवाच्या घरातला बाक कोरला होता ना आम्ही. विचारलं असतं तर आधी हेच विचारलं असतं की, बाई, तुला कसं माहीत खाली अक्षरं आहेत ते?"

मी त्यांना सांगितले की, बाक जळलेला नाही. त्याची गिटार झाली आहे, आणि अक्षरे असलेला भाग मी पाठीमागे तसाच ठेवला आहे, कारण त्यावर रंधा फिरवायला हात धजला नाही. त्या म्हणाल्या, "गिटार? ती जोरात वाजणारी?" मी हो म्हटले. त्या म्हणाल्या, "एइनोला आवडलं असतं. त्याला मेलं काहीच हळू करता यायचं नाही." मग विचारले, "बघायला मिळेल का मला?" मी म्हटले, सध्या सील आहे. "कधीपर्यंत?" याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. ते आपल्याजवळ आहे.

१०. आता पिर्होनेन यांच्याविषयी. लेम्पीबाईंकडून परतल्यावर मी त्यांच्या दारात तीन वेळा गेले. धुराड्यातून धूर येत होता, दार उघडले नाही. तरीही एक प्रश्न माझ्या डोक्यातून जात नव्हता, तो म्हणजे मग हा मनुष्य नगरपालिकेत दोनदा कशाला गेला? (स्वभाव एका दिवसात जात नाही.) दि. १६ मार्च रोजी प्रौढ शिक्षण केंद्राकडून बारा विद्यार्थ्यांची यादी आली. कोणाची उंची किती, कोणाला कोणत्या बाजूची गिटार हवी, अशी. यादीत नववे नाव होते : टौनो पिर्होनेन, वय ६१, डावखुरा, पूर्वानुभव नाही.

प्रौढ शिक्षण केंद्राचे कार्यालय नगरपालिकेच्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर आहे, हे आपणास माहीत आहेच. मलाही माहीत होते.

म्हणजे डझनावारी वेटोळी स्वतःच्या हाताने गुंडाळलेला हा मनुष्य गिटार वाजवू शकत नाही, आणि एकसष्टाव्या वर्षी शिकायला जातो आहे हे मला सांगायची त्याला लाज वाटली. मी हसेन असे त्याला वाटले असावे. मी हसले असते, हेही खरे आहे. यादी हातात घेऊन मी सील केलेल्या दाराला पाठ लावून बसले, आणि त्यानंतर काय केले ते पंचनाम्यात येण्यासारखे नाही.

११. सबब विनंती करण्यात येते की,

(अ) लाकडाच्या खोलीचे सील काढावे. पावती व प्रयोगशाळेचा अहवाल सोबत आहेत.

(ब) आपल्या दप्तरी 'निनावी तक्रार' म्हणून झालेली नोंद 'चौकशीपत्र' अशी दुरुस्त करावी. लेम्पीबाईंचे नाव कोठेही लिहू नये. पाद्रीबाबा बदलले असले तरी त्यांची भीती बदललेली नाही.

(क) बारावी गिटार अद्याप झालेली नाही. ती डावखुरी करायची आहे. त्याकरिता मला लाकडाच्या खोलीत पहिल्याच दिवशी प्रवेश मिळावा.

(ड) आपल्या मेहुण्यांविषयी माझ्या दुसऱ्या अर्जात व वरील परिच्छेद ५ मध्ये लिहिलेला मजकूर मी मागे घेत आहे. दुकान आहे हे मात्र खरे आहे.

(इ) भाडेकरार दोघांच्या नावे असल्याने अर्जावर दोघांची सही लागते, असे आपल्या कार्यालयातून सांगण्यात आले. त्यासाठी हा अर्ज मी टपालाने अथवा स्वतः न आणता पिर्होनेन यांच्या टपालपेटीत टाकत आहे. तो आपल्याकडे पोचवायचा की चुलीत घालायचा, हे त्यांनी ठरवावे. या अर्जाची प्रत मी ठेवलेली नाही. आजवर मी प्रत ठेवल्याशिवाय एकही कागद हातातून सोडलेला नाही, हे आपले कार्यालय सांगू शकेल.

आपल्या निर्णयाची वाट पाहणारी,
इर्मेली कुओस्मानेन
(सही)
हिएताकोस्की, दि. १७ मार्च २०२३

सोबत :
१) बाकखरेदीची चर्चची पावती
२) रंगाचा प्रयोगशाळा अहवाल
३) प्रौढ शिक्षण केंद्राची यादी (पान १)

सहअर्जदाराची सही व शेरा :

अर्ज वाचला. फार लांब झाला आहे, मी असतो तर सहा ओळींत लिहिला असता. परिच्छेद ७ मध्ये मी मागे पाहिले नाही असे लिहिले आहे, ते चूक आहे. वळणावर पाहिले होते, पण तोवर ती दार लावून आत गेली होती. बाकी बरोबर.

टौनो पिर्होनेन
(सही)
दि. २० मार्च २०२३. समक्ष आणून दिला.